हात जिथं पडेल तिथं

वाघमोडे सर गेले त्या दिवशी गुरुवार होता. सकाळी त्यांनी वहिनींना चहा दिला, वर्तमानपत्र उघडलं आणि बातमी वाचता वाचता थांबले. वहिनी पुढच्या वाक्याची वाट पाहत राहिल्या. मग त्यांनी हात पुढे करून पाहिलं. मग मला हाक आली.

मी त्यांच्याच शाळेत ग्रंथपाल होते, आणि पुंडलिकनगरात त्यांच्या घरासमोर राहते. मध्ये एक गल्ली आहे. दोन्हीकडच्या खिडक्या उघड्या असल्या तर एकीकडचा कुकर दुसरीकडे ऐकू येतो. सर रोज आपल्या पत्नीला, सुभद्रावहिनींना, मोठ्यानं वाचून दाखवत. ते वाचन माझ्याही कानावर पडत आलं, इतकं की मी स्वतः वाचलेल्या काही पुस्तकांतली वाक्यंसुद्धा मला आता त्यांच्याच आवाजात आठवतात.

सर उंच होते आणि चालताना कायम सगळ्यांच्या मागे असत. शाळेची सहल लेण्यांना गेली की बाकीचे शिक्षक शिट्टी वाजवत पुढे, आणि हे शेवटच्या मुलाच्याही मागे. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "मागं राहिलं की कोण लंगडतंय ते कळतं, बाई." त्यांच्या घराण्यात ते पहिले शिकलेले. वडील वैजापूरकडे मेंढरं राखत, आणि सरांचं लहानपण कळपाच्या मागे चालण्यात गेलं होतं. बीएड झालं, नोकरी लागली, शहरात घर झालं, तरी ती चाल गेली नाही. वर्गाच्या दारात उभे राहून आत येणाऱ्या प्रत्येक मुलाच्या पाठीवर हात ठेवायची सवयही तिकडचीच. हजेरी नंतर घेत, पण कोण आलेलं नाही ते त्यांना आधीच ठाऊक असे.

ते मराठी शिकवत, आणि एका शब्दाशी त्यांचं वाकडं होतं. तो शब्द म्हणजे 'चालतंय'.

आमच्याकडे या शब्दावाचून कुणाचा दिवस जात नाही. कुलूप हलवल्याशिवाय लागत नाही, चालतंय. पुस्तकाची पानं उलटी शिवली गेली आहेत, चालतंय. एखाद्या मुलानं अर्धवट निबंध पुढे करून "सर, चालतंय का?" असं विचारलं की सर वही टेबलावर ठेवत आणि तिच्याकडे बघत बसत. "नाही बाबा, जागची हलत नाहीये." एकदा शाळेत नवीन बाक आले. त्यातला एक डुगडुगत होता. मुख्याध्यापकांनी त्याला हात लावून पाहिला आणि चालतंय म्हणाले. "खरं आहे, सर," वाघमोडे सर म्हणाले, "मुलगा बसला की बाक चालत चालत फळ्यापर्यंत येतो." आमचे शिपाई रामभाऊ त्यांना डिवचायला मुद्दाम विचारत, "सर, चहा चालतंय का?" त्यावर उत्तर ठरलेलं. "चहा चालतो, रामभाऊ. चालतंय ते तुमचं तोंड."

पण त्यामागे त्यांचं काही म्हणणं होतं, आणि सर ते दर वर्षी नव्या वर्गाला समजावून सांगत. 'चालतं' आणि 'चालवून घेतो' ही दोन वेगळी क्रियापदं आहेत. पहिल्यात वस्तू आपलं काम करते. दुसऱ्यात तिचं काम आपण करतो. 'चालतंय' म्हणताना यातलं कुठलं म्हणताय ते आधी ठरवा, मग बोला.

गंमत म्हणजे घरात ते स्वतः वेगळंच बोलत. शाळेत 'खूप', उंबरा ओलांडला की 'लई'. वर्गात 'नाही', वहिनींपाशी 'नाय'. मी एकदा चिडवलं तर म्हणाले, "बाई, वर्गात मी शिकवतो. इथं मी बोलतो."

सुभद्रावहिनी शाळेत गेलेल्या नव्हत्या. त्याही मेंढरामागेच वाढलेल्या. आम्ही इथं राहायला आलो तेव्हा शहराचं नाव औरंगाबाद होतं आणि आमच्या गल्लीच्या टोकाला मोकळी जागा होती. उन्हाळ्यात कधीतरी तिथं एखादा कळप बसायला येई. मग वहिनी हातातलं काम टाकून जात आणि मेंढरांच्या लोकरीत हात खुपसून उभ्या राहत. सर त्यांना आणायला म्हणून जात आणि तेही तिथंच थांबत. पुढे त्या जागेवर इमारत उभी राहिली, तिच्या पलीकडे आणखी एक. शहर बायपासच्या दिशेनं सरकत गेलं आणि कळप कुठल्या वाटेनं जाऊ लागले ते आम्हाला कळलं नाही.

मग ती दुष्काळाची वर्षं आली. नळाला कधी पाणी येईल याचा नेम नव्हता. गल्लीत टँकर आला की हंडे-बादल्या घेऊन सगळे धावत. त्या वर्षांत आमच्याकडे कुणी पाणी सांडत नसे. मुलांना दुसऱ्या कशावरून बसत नसत एवढी बोलणी सांडलेल्या पाण्यावरून बसत. अशाच एका दुपारी टँकरच्या पाइपाखाली वहिनींचा हंडा भरला, वाहू लागला, आणि त्या पाइप धरून तशाच उभ्या राहिल्या. पाणी रस्त्यावरून गेलं. मागच्या बायका ओरडल्या. "अवो सरांच्या बाई, डोळे हायेत का नाय?"

सर मागेच होते. त्यांनी पाइप वहिनींच्या हातातून काढून पुढच्या बाईला दिला, हंडा उचलला आणि दुसऱ्या हातानं वहिनींचा दंड धरला. घरी आल्यावर एवढंच विचारलं, "कव्हापासून?"

"लई दिवस झालं," वहिनी म्हणाल्या. "तुमाला कशाला सांगू? तुमी वाचायचं सोडून मलाच बघत बसला असता."

काचबिंदू होता. गेलेली नजर परत येणार नाही आणि उरलेलीही हळूहळू जाईल, असं डॉक्टरांनी सांगितलं. पुण्याहून मुलगा आला. दोघांनाही घेऊन जातो म्हणाला. वहिनी भिंतीला हात लावून बसल्या होत्या. "तुपल्या घरात मी खुर्चीवर बसून ऱ्हाईन बघ," त्या म्हणाल्या. "हितं मी हिंडते तरी. मेंढरं बी अंधारातच वळखायची असत्यात. त्याला डोळे कशाला लागत्यात?"

मुलगा गेल्यावर सर माझ्याकडे आले. ते असे क्वचित येत. "बाई, घर दुरुस्त करतोय," ते म्हणाले. "मी तिच्यापेक्षा बराच मोठा आहे. माझ्यामागं तिला या घरात एकटीनं वावरता आलं पाहिजे. तेवढं झालं की झालं."

तेवढ्यासाठीच ते सगळं काम निघालं. उंबरे काढले, फरशी एका पातळीला आणली. बंब पेटवणं आता वहिनींना जमणार नव्हतं, म्हणून न्हाणीत गिझर आला. आणि घरातली जुनी लाकडी पट्ट्यांवरची वायरिंग काढून नवी करायची ठरली. खोल्याखोल्यांतून बटणं एका उंचीवर, एकाच क्रमानं. आधी दिवा, मग पंखा, मग प्लग. म्हणजे हाताला घर पाठ होईल.

वायरमन मिळणं तेव्हा कठीण होतं. जिकडे तिकडे इमारती चढत होत्या. अखेर नवनाथ मिळाला. तिशीचा असेल, वैजापूरकडचाच. गावाकडे पाऊस नाही म्हणून शहरात आला, कुणाच्या तरी हाताखाली थोडं शिकला आणि लगेच स्वतःची कामं घेऊ लागला. आपल्याकडचा आहे म्हणून सरांना बरं वाटलं. बोलायला गोड. पण एक पाय आमच्या गल्लीत आणि दुसरा बायपासच्या एखाद्या साइटवर, आणि फोन खांदा नि कान यांच्यामध्ये कायमचा अडकवलेला.

"नवनाथ, हा बोर्ड त्या खोलीपेक्षा वर वाटतो."

"चालतंय की सर."

"याचं बटण वर केलं की लागतं, त्याचं खाली केलं की."

"सवय व्हईल सर. चालतंय."

ही वाक्यं मला समोरून ऐकू येत. सर गप्प राहत. शाळेत ज्या शब्दावरून त्यांनी कुणालाच सोडलं नाही, तो शब्द आता दिवसभर त्यांच्या घरात चालला होता. मला नवल वाटे. नंतर ते म्हणाले, "गावाकडं काही उरलं नाही म्हणून आलेला माणूस आहे. हातातलं काम काढून कसं घ्यायचं?"

काम संपलं. भिंती रंगवल्या. आणि वहिनी घरात चुकू लागल्या. दिवा म्हणून दाबलं की पंखा लागे. पुढच्या खोलीत हात जिथं जाई तिथं नुसती भिंत असे. आंधळ्या माणसाला दिवा कशाला, असं कुणीतरी विचारलं होतं तर त्या म्हणाल्या होत्या, "आलेल्या माणसानं अंधारात बसायचं का?" आता त्या बटणांपर्यंत जाणंच टाळू लागल्या. एक दिवस मी गेले तर ओट्यापाशी हात पदरात गुंडाळून उभ्या होत्या.

"बाई, ह्ये कपाट चावतंय," त्या म्हणाल्या. कपाट म्हणजे फ्रीज. "आन न्हाणीतला नळ बी चावतो. गिझर लावला की जास्ती."

मी फ्रीजला हात लावला. बोटांत मुंग्या आल्या. सरांना सांगितलं. मग त्यांनी नवनाथला फोन केला आणि इतकंच म्हणाले, "ये जरा. चहा घ्यायला ये."

तो रविवारी आला. मीही तिथंच होते. सरांनी त्याला खरंच चहा दिला. चहा संपल्यावर खांद्यावरचं उपरणं काढून म्हणाले, "नवनाथ, जरा बस खाली. हे डोळ्यांना बांधतो."

"कामून सर?" तो हसला. "आंधळी कोशिंबीर लावली व्हय?"

"व्हय. तू खेळलास का नाय लहानपणी? हे घर तूच केलंयस. न्हाणीपर्यंत जा आणि जाता जाता दिवे लावत जा."

तो उठला. पहिल्या खोलीत त्यानं भिंत चाचपून बोर्ड शोधला, बटण दाबलं. पंखा फिरला. "चुकलं," तो म्हणाला आणि हसला. मधल्या खोलीत त्याचा हात खालून वर आणि वरून खाली फिरत राहिला. बोर्ड वीतभर बाजूला होता. आता तो हसत नव्हता. सर मागे चालत होते, नेहमीसारखे. न्हाणीच्या दाराशी आल्यावर त्यांनी तांब्यातलं पाणी त्याच्या हातावर घातलं, हळूच, सोवळ्यातल्या माणसाला वाढावं तसं.

"आता गिझर लाव. आणि नळ सोड."

नवनाथचा हात बाहेर आला आणि तसाच राहिला. पाणी कोपरावरून गळत होतं.

"नको सर. तिथं नको."

"कामून? चालतंय की."

बाजेवर वहिनी बसल्या होत्या. इतका वेळ नुसतं ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, आवाज जराही न चढवता, "मी रोज लावते की रं हात तिथं."

नवनाथनं उपरणं सोडलं. ते हातात धरून तो तिथंच न्हाणीच्या दारात बसला. म्हणाला, "मावशी, अर्थिंगची तार जमिनीत जोडलीच नाय. हिरवी तार बोर्डात नुसती घालून ठेवलीय. खाली खड्डाच केला नाय. आतले जोड बी नुसत्या टेपवर हायेत. समदीकडं असंच करत्यात. मला वाटलं…"

"काय वाटलं?" सरांनी विचारलं.

"चालतंय, वाटलं."

सर त्याला रागावतील असं मला वाटत होतं. त्यांनी त्याच्या हातातलं उपरणं घेतलं, झटकलं, खांद्यावर टाकलं. "चालत नव्हतं, नवनाथ," ते म्हणाले. "ही चालवून घेत होती. मुकाट्यानं."

भिंती पुन्हा फुटल्या. घरभर धूळ झाली. तेवढे दिवस दोघंही माझ्याकडे जेवले. कॉलनीतल्या लोकांनी सरांना वेड्यात काढलं. दुसरा माणूस आणा म्हणाले. सर म्हणाले, "दुसरा आणला तर तो पहिल्यापासून शिकणार. याला आता ठाऊक आहे."

या वेळी बोर्ड कुठं बसवायचे ते टेपनं मोजून ठरलं नाही. सर वहिनींना एकेका दारातून आत घेऊन जात आणि म्हणत, "लाव दिवा." भिंत कोरी. वहिनी हात टाकत. हात जिथं पडे तिथं सर खडूनं फुली मारत. रिटायर होऊन वर्षं झाली होती तरी त्यांच्या सदऱ्याच्या खिशात खडू असे, का ते मला कधी कळलं नाही. "हितं," वहिनी म्हणत. "हितं." न्हाणीपाशी दोनदा हात टाकला आणि म्हणाल्या, "मपला हात हितं जातो बगा, ओला असला की." नवनाथ मागून त्या फुल्यांवर पट्टी धरत होता. मध्येच म्हणाला, "सर, लई खाली व्हतंय. लोक वर लावत्यात." सर म्हणाले, "लोकांना दिसतं."

म्हणून त्या घरात डोळस माणसांना दिवा सापडत नाही. पाहुणे आत येतात, सवयीनं वर भिंत चाचपतात आणि अंधारात उभे राहतात. मग वहिनी बसल्या जागेवरून हात लांब करतात. या गोष्टीचं सरांना मोठं सुख होतं. वहिनींना गुलमंडीत नेलं की दुकानदारालाही ते सांगत. तिथं ते सदऱ्याचं कापड घ्यायला जात. पूर्वी स्वतः निवडत, आता वहिनी बोटांत धरून निवडत, आणि सर म्हणत, "हिचे डोळे गेल्यापासून माझे कपडे सुधारले." वहिनी त्यांच्या दंडाला चिमटा काढत.

अर्थिंगचा खड्डा मागच्या भिंतीपाशी झाला. आत पत्रा, कोळसा, मीठ, आणि वर पाणी घालायला एक उभा पाइप. नवनाथनं बजावलं, "सर, याला वल पायजे. जमीन वाळली की तार असून नसल्यावाणी." त्या वर्षी जमिनीत ओल कुठून यायची? सरांनी सोय केली. वहिनी तांदूळ, डाळ धुवत ते पाणी एका भांड्यात साठे, आणि रोज संध्याकाळी सर ते पाइपात घालत. जोवर घोट घेतल्यासारखा आवाज येत नाही तोवर उभे राहत. शेजारचे विचारत, "सर, काय लावलंय तिथं?" ते म्हणत, "काही नाही, एक तार लावलीय." पुढे चांगला पाऊस झाला, टँकर थांबले, पण त्यांचं पाणी थांबलं नाही. नवनाथ अधूनमधून येऊन बोर्ड उघडून बघून जाई. वहिनी त्याला जेवल्याशिवाय सोडत नसत. "बस रं," त्या म्हणत, "डोळे नाय बांधत आता."

मी सरांना शेवटचं पाहिलं ते त्या गुरुवारच्या आदल्या संध्याकाळी, गच्चीवर वाळलेले कपडे काढायला गेले तेव्हा. तिथून त्यांची मागची भिंत दिसते. ते भांडं घेऊन आले, कण्हत वाकले, पाइपात पाणी घातलं आणि कान लावून उभे राहिले. मग वर पाहिलं.

"बाई, जेवण?"

"व्हायचंय, सर."

"आमचं बी," ते म्हणाले, आणि आत गेले. 'आमचं बी'. इतक्या वर्षांत माझ्याशी ते घरातल्या बोलीत पहिल्यांदाच बोलले, आणि ते माझ्या लक्षात यायला दुसरा दिवस उजाडावा लागला.

मला त्यांची आठवण मोठ्या प्रसंगी येत नाही. दुकानात कुणी किल्ली अडकत असलेलं कुलूप हातात देतं आणि माझ्या तोंडून तो शब्द निघायला येतो, तेव्हा येते. मी थांबते. मागे कुणी उभं असल्यासारखं वाटतं. मी वळत नाही, कारण वळलं की नसतं. समोरच्या खिडकीतून आता वाचण्याचा आवाज येत नाही. मी माझं पुस्तक घेऊन बसते आणि पानं पुढे जात नाहीत.

तेराव्यानंतर मुलानं पुन्हा वहिनींना न्यायचं म्हटलं. त्या आत गेल्या, सगळ्या खोल्यांतून फिरल्या, सगळे दिवे लावत गेल्या आणि सगळे बंद करत परत आल्या. "बघितलंस?" एवढंच म्हणाल्या. तो एकटा पुण्याला गेला.

त्याला आता बराच काळ झाला. खड्ड्याला पाणी वहिनी घालतात. भिंत धरून जातात, पाइपाचं तोंड बोटानं शोधतात आणि भांडं रितं करतात. फ्रीज चावत नाही. नळ चावत नाही. सर नाहीत. वहिनी त्या घरात एकट्या राहतात.